सोसायटीची गच्ची आणि राज्याचं ग्रिड: सौर वीज वाढताना वीजपुरवठा सावरायचा कसा

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला महाराष्ट्राचं राज्य भार प्रेषण केंद्र आहे. राज्यात या क्षणी किती वीज लागते, ती कुठून येते, कुठली वाहिनी तापत चालली आहे, हे तिथल्या पडद्यांवर चोवीस तास पाहिलं जातं. कोयनेचं जनित्र सुरू करायचं की औष्णिक संच खाली आणायचा, याच्या सूचना इथून सुटतात. पण घोडबंदर रोडच्या टॉवरवर किंवा खारघरच्या एखाद्या गच्चीवर बसलेला ५० किलोवॅटचा सौर संच या पडद्यांवर वेगळा दिसत नाही. तिथे दिसतं ते एवढंच, की दुपारी मागणी खाली बसली आणि ऊन कललं तशी ती झपाट्याने वर चढली.

अशा गच्च्या आता वाढत जाणार आहेत. जून २०२५ अखेर देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, आणि २०३० पर्यंत या इतर स्रोतांची क्षमता ५०० गिगावॅटवर न्यायचं उद्दिष्ट आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे ठाणे-नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभांमध्येही सोलरचा ठराव हमखास येतो. ठराव मंजूर होतो, पॅनेल बसतात, बिल घटतं आणि कमिटी पुढच्या विषयाकडे वळते. मला वाटतं, खरं काम तिथून पुढे आहे. आपण वीज किती वापरतो याइतकंच ती कोणत्या वेळी वापरतो आणि कशा रीतीने परत सोडतो, यावर ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, तब्येत ठरते. त्यातला सोसायटीच्या हातातला भाग बराच मोठा आहे, आणि त्यातला पुष्कळसा बिनखर्चाचा आहे.

आधी समजून घ्या: ग्रिड डळमळतं म्हणजे काय होतं

वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. हा तोल दाखवणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असावी लागते आणि ग्रिड संहितेनुसार ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. मागणी अचानक वाढली की देशभरातली जनित्रं किंचित मंदावतात आणि आकडा घसरतो. निर्मिती जास्त झाली की चढतो. ४९.४ हर्ट्झपर्यंत घसरण झाली तर रिले नावाची संरक्षक उपकरणं आपोआप टप्प्याटप्प्याने फिडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) तोडू लागतात, म्हणजे काही भाग अंधारात ढकलून उरलेलं ग्रिड वाचवलं जातं.

ही वेळ येऊ नये म्हणून संरक्षणाच्या काही फळ्या असतात. पहिली फळी फिरत्या वजनाची. दळणारीने हात थांबवला तरी जात्याचा जड दगड क्षणभर फिरत राहतो, तशी टर्बाइन आणि जनित्रांची शेकडो टनांची चाकं पहिल्या काही सेकंदांचा धक्का पोटात घेतात. मग टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे गव्हर्नर, वाफ किंवा पाणी वाढवते. त्यानंतर राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडून दर चार सेकंदांनी निवडक वीजकेंद्रांना आपोआप संदेश जातात, आणि शेवटी कंट्रोल रूममधली माणसं फोन उचलतात.

सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. भर दुपारी सौर वीज जास्त असते तेव्हा फिरती चाकं कमी पडतात आणि पहिली फळी पातळ होते. दुसरी अडचण संध्याकाळची. ऊन मावळताना सौर निर्मिती दोन-तीन तासांत शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरात दिवे, एसी, गिझर सुरू होतात. ही चढण चढायला कोळशाचे संच दुपारी पूर्ण बंद ठेवता येत नाहीत. ते साधारण ५५ टक्क्यांच्या किमान पातळीवर धगधगत ठेवावे लागतात. म्हणून दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी, अशा दोन उलट स्थिती एकाच दिवसात सांभाळाव्या लागतात.

घरोघरच्या लोकांनी एकाच वेळी एकच गोष्ट केली तर काय होतं, हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशाने पाहिलं. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटली. जलविद्युत केंद्रांनी झटपट निर्मिती उतरवली आणि पुन्हा चढवली, म्हणून फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. पाण्यावरच्या जनित्रांचं मोल त्या रात्री कळलं. आपल्याकडे हे काम कोयनेचे १,९६० मेगावॅटचे संच करतात, आणि घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्पही. त्याचं खालचं धरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आहे. वीज स्वस्त आणि मुबलक असताना पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं.

दुसरी आठवण याच भागातली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पडघे-कळवा या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, उरलेल्या मार्गांवर ताण आला आणि मुंबईला वेगळं काढून वाचवण्याची व्यवस्थाही टिकली नाही. त्यात सौर विजेचा काही संबंध नव्हता. तारा कमी असल्या तर कुठल्याही स्रोताची वीज पोहोचत नाही, हे मात्र त्या दिवशी पक्कं कळलं. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आणि मुंबईकडे वीज आणायला आणखी एक मार्ग मिळाला.

मोठ्या वाहिन्या आणि धरणं आपल्या हातात नाहीत. पुढच्या पायऱ्या मात्र आहेत.

पायरी १: सोसायटीचा चोवीस तासांचा आलेख काढा

एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. सामायिक मीटरचं रीडिंग दर तासाला वहीत लिहायला वॉचमनला सांगा, म्हणजे रात्री कोणी जागं राहायला नको. स्मार्ट मीटर बसला असेल तर तासागणिक वापर मोबाइलवर पाहता येतो. बिलावरचा मंजूर भार आणि नोंदलेली कमाल मागणी बाजूला लिहून ठेवा.

याच वेळी चांगला वायरमन बोलावून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या, एकदा दुपारी दोनला आणि एकदा रात्री आठला. एका फेजवर ६० अँपिअर आणि दुसऱ्यावर २० असेल तर सोलरआधी तेच सुधारायला हवं. न्यूट्रलची जोडणी घट्ट आहे का तेही पाहायला सांगा. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत मीटर रूममधल्या जोडण्या लवकर गंजतात, आणि सैल न्यूट्रलमुळे एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्ही-फ्रीज जळण्याइतकं व्होल्टेज चढू शकतं.

कागदावर आलेख मांडला की बहुतेक सोसायट्यांत तेच चित्र येतं: सकाळी सहा ते नऊ एक उंचवटा, दुपारी खड्डा, सात ते अकरा त्याहून मोठा उंचवटा.

पायरी २: उंचवट्यावरचा भार दुपारच्या खड्ड्यात टाका

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे फक्त टायमर आणि थोडी शिस्त लागते.

सुरुवात पाण्याच्या पंपापासून करा. पालिकेचं पाणी तळटाकीत कधी येतं ते आपल्या हातात नाही, पण वरच्या टाक्या कधी भरायच्या ते आहे. बहुतेक ठिकाणी पंप पहाटे आणि संध्याकाळी चालतो, कारण पंपवाल्याची ड्युटी तशी लागलेली असते. साडेसात अश्वशक्तीचा पंप साधारण साडेपाच किलोवॅट घेतो. मोठ्या संकुलात असे पाच-सहा असतात. वरच्या टाक्या सकाळी अकरा ते तीनच्या दरम्यान काठोकाठ भरा. पाण्याची पातळी पाहणारा सेन्सर आणि टायमर लावला की माणसाची आठवण लागत नाही. टाकीत दिवसभराचं पाणी मावत नसेल तर सकाळची फेरी ठेवा, फक्त संध्याकाळची काढा. दुपारी भरलेली टाकी म्हणजे सोसायटीची स्वतःची छोटी घाटघर योजनाच.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं थोडं वेगळं. त्यातले ब्लोअर जिवाणूंना हवा देतात, ते तासन्‌तास बंद ठेवले तर प्रक्रिया बिघडते आणि वास सुटतो. ते चालू राहू द्या. फिल्टर धुणं, गाळ काढणं, प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशच्या टाकीत चढवणं, बागेला पाणी देणं ही कामं मात्र दुपारी घ्या. जलतरण तलाव असेल तर त्याचं फिल्टरेशनही. अग्निशमन पंपाला कुठल्याही टायमरवर टाकू नका, त्याचा पुरवठा सदैव तयार हवा.

घरांसाठी एक छोटी सूचना लिफ्टमध्ये लावा: वॉशिंग मशीन, इस्त्री, घरचा इन्व्हर्टर चार्ज करणं ही कामं दिवसा. याला पैशांचं कारणही आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर प्रति युनिट ८० पैसे सवलत सुरू झाली. दर आणि सवलती राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, त्यामुळे ताज्या बिलावरचा तपशील पाहूनच हिशोब करा.

एसीबद्दलही लिहायला हवं, कारण एप्रिल-मेच्या रात्री रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) जळतात ती त्यांच्यामुळेच. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. १८ ऐवजी २४-२५ वर एसी आणि सोबत पंखा, एवढ्याने संध्याकाळची चढण खरोखर कमी होते.

पायरी ३: गाड्यांच्या चार्जिंगला वेळापत्रक

समजा वीस गाड्या आहेत आणि प्रत्येकाने ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला. सगळे संध्याकाळी साडेसातला ऑफिसमधून येऊन प्लग लावतात. भार झाला १४४ किलोवॅट, तोही दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी. एवढ्यासाठी मंजूर भार वाढवायचा, केबल बदलायची, कदाचित नवीन रोहित्र लावायचं.

त्याच वीस गाड्यांना रोज प्रत्येकी सहा-सात युनिट पुरतात, कारण ठाणे ते बीकेसी किंवा ऐरोलीला जाऊन-येऊन तेवढंच लागतं. म्हणजे एकूण १२० ते १४० युनिट. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत ती वीज २५ किलोवॅटपेक्षा कमी भारात देता येते. म्हणून पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याची परवानगी देतानाच अट घाला: चार्जरला वेळ ठरवण्याची सोय हवी, आणि सामायिक व्यवस्था असेल तर भार वाटून देणारा नियंत्रक हवा. असा नियंत्रक सोसायटीची एकूण मागणी बघून प्रत्येक चार्जरचा करंट कमी-जास्त करतो. आज तीनच गाड्या आहेत म्हणून हे पुढे ढकलू नका. वीस चार्जर बसल्यावर नियम लावायला गेलात की भांडणं होतात.

दुपारी सोसायटीत उभ्या असणाऱ्या गाड्या, म्हणजे निवृत्त मंडळींच्या, घरून काम करणाऱ्यांच्या, दुसऱ्या गाड्या आणि स्कूटर, यांना अकरा ते चारची वेळ द्या. ऐरोली, महापे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांनी आपल्या पार्किंगमध्ये दुपारी चार्जिंग दिलं तर त्याचा उपयोग आणखी मोठा, पण ते त्यांच्या व्यवस्थापनाकडे कर्मचाऱ्यांनी मागायला हवं.

पायरी ४: सोलर किती आणि कोणत्या तोंडाचा

एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास मिळतात. पावसाळ्यात ते बरंच खाली येतं. ५० किलोवॅट म्हणजे ५,००० चौरस फूट आणि दिवसाला सरासरी २०० युनिट. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ५० किलोवॅटला ९ लाख. वैयक्तिक घराला तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्तला कमाल ७८,००० रुपये.

इथे एका ठिकाणी कमिट्यांची फसगत होते. नेट मीटरच्या हिशोबात दुपारी ग्रिडमध्ये सोडलेलं युनिट नंतर वळतं होतं, त्यामुळे वाटतं की कधीही वापरा, सारखंच. हिशोबाच्या वहीत सारखं असेल. रोहित्रासाठी दुपारी उलटी वाहणारी आणि रात्री सुलटी येणारी वीज हे दोन वेगळे ताण आहेत. म्हणून पायरी २ आधी पूर्ण करा, दुपारचा वापर वाढल्यावर नवा आलेख काढा आणि मग क्षमता ठरवा. बनलेल्या विजेतला मोठा भाग जागच्या जागी खपत असेल तर ती योजना ग्रिडसाठीही चांगली. एका रोहित्रावर किती सौर क्षमता जोडता येते याला मर्यादा असते, ती महावितरणच्या उपविभागातून लेखी घ्या. ठाण्यात कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरणाचं काम टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्या सोसायट्यांनी त्यांच्याकडे विचारावं.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवलं की वर्षभरात सर्वांत जास्त वीज मिळते. पण गच्ची मोठी असेल तर एक भाग पश्चिमेकडे कलवण्याचा पर्याय ठेकेदाराकडून मागा. एकूण उत्पादन थोडं घटतं, मात्र चार-साडेपाचपर्यंत चांगली वीज येत राहते आणि संध्याकाळची चढण तेवढी सौम्य होते. संध्याकाळच्या विजेचा दर चढा असलेल्या ग्राहकाला हा तोटा भरून निघू शकतो.

फ्लॅटधारक आपापले छोटे एक-फेज सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून ग्रिडला जोडणारं यंत्र) लावणार असतील तर कोणाचा कोणत्या फेजवर हे कमिटीने ठरवून द्यावं. सगळे एकाच फेजवर आले की पायरी १ मध्ये सुधारलेला तोल पुन्हा बिघडतो.

पायरी ५: इन्व्हर्टरच्या सेटिंगचा कागद मागा

या पायरीवर बहुतेक कमिट्या काहीच विचारत नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच आहे.

जर्मनीत छोट्या सौर इन्व्हर्टरना नियम होता: फ्रिक्वेन्सी ५०.२ ला पोहोचली की लगेच बंद व्हायचं. गच्च्या थोड्या होत्या तोवर काही बिघडलं नाही. पुढे हजारो मेगावॅटचे संच त्याच आकड्यावर टेकले, आणि लक्षात आलं की एखाद्या दुपारी फ्रिक्वेन्सी तिथे पोहोचली तर ते सगळे एका क्षणात बंद पडतील. युरोपच्या ग्रिडने राखून ठेवलेल्या ताकदीपेक्षा तो धक्का मोठा ठरला असता. २०१२ मध्ये कायदा करून तीन लाखांहून अधिक संचांची सेटिंग बदलावी लागली. आता ते इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी चढली की हळूहळू निर्मिती उतरवतात. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला वीज पडल्यानंतर दोन मोठे स्रोत गेले आणि त्यांच्याबरोबर विखुरलेले छोटे संचही बंद पडले. दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले.

आपण अजून सुरुवातीला आहोत, म्हणून हे आत्ताच नीट करून घेता येईल. काम पूर्ण झाल्याचा दाखला सही करण्याआधी ठेकेदाराकडून या गोष्टी मागा:

- इन्व्हर्टरमध्ये ग्रिड कोड भारताचा निवडला आहे ना. आयात केलेल्या यंत्रात कधी कधी दुसऱ्या देशाचा कोड तसाच राहतो.
- कोणत्या व्होल्टेजला आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला, किती वेळात इन्व्हर्टर सुटतो, म्हणजे ग्रिडपासून आपोआप तुटतो, याची छापील प्रत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणी नियमांशी आणि महावितरणच्या मंजुरीशी ती जुळायला हवी.
- फ्रिक्वेन्सी चढल्यावर आणि व्होल्टेज चढल्यावर निर्मिती टप्प्याने उतरवण्याची सोय आहे का आणि ती चालू आहे का.
- वीज परतल्यावर इन्व्हर्टर किती वेळ थांबतो, आणि एकदम पूर्ण ताकदीने सुरू होतो की हळूहळू.
- पुरवठा तुटल्यावर इन्व्हर्टर थांबतो याची समोर चाचणी. मेन स्विच पाडायचा, काही क्षणांत इन्व्हर्टर थांबलाच पाहिजे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव यावर अवलंबून आहे.

शेवटी वाय-फाय मॉड्यूलचा पासवर्ड. कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नका. हजारो इन्व्हर्टर एकाच ढोबळ पासवर्डवर इंटरनेटला जोडलेले असणं ग्रिडसाठी धोक्याचं आहे. बदललेला पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे ठेवा, कमिटी बदलली की पाकीट हस्तांतरित करा. सेटिंग मात्र स्वतः बदलायला जाऊ नका, बदल हवा असेल तर महावितरणच्या परवानगीनेच.

पायरी ६: व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर

थंडीतला रविवार, स्वच्छ ऊन, एसी बंद, अर्धी सोसायटी गावी गेलेली. अशा दुपारी पॅनेलची वीज मागे फिडरकडे वाहते आणि फिडरच्या टोकाला व्होल्टेज चढतं. २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४, ही मर्यादा. त्याहून बरंच चढलं की इन्व्हर्टर सुटतो आणि भर उन्हात निर्मिती जाते. ठेकेदार सांगतो 'ग्रिडचा प्रॉब्लेम', पण पुष्कळदा गच्चीपासून मीटर रूमपर्यंतची लांब आणि बारीक केबलच दोषी असते. वीस-पंचवीस मजल्यांच्या टॉवरमध्ये ही केबल जाड घ्या, तिथे काटकसर करू नका. केबल ठीक असूनही व्होल्टेज चढत असेल तर रोहित्राचा टॅप (त्यातून येणारं व्होल्टेज वर-खाली करणारी जोडणी) बदलण्यासाठी अर्ज द्या. चढत्या व्होल्टेजला हलकं घेऊ नका: २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालचं ग्रिड कोसळलं ते व्होल्टेज आवाक्याबाहेर चढत गेल्यामुळे.

पॉवर फॅक्टर म्हणजे तारांतून येणाऱ्या एकूण विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचं प्रमाण. ही गोष्ट मोठ्या संकुलांना लागू आहे, विशेषतः ज्यांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे या एकूण विजेवर, येतं. समजा दुपारी भार ४० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९५. मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह वीज सुमारे १३ केव्हीएआर. पॅनेलने ३० किलोवॅट दिले, ग्रिडमधून आता १० किलोवॅट येतात, पण १३ केव्हीएआर तसेच येतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.६ वर येतो. वीज वाचवूनही बिलात दंडासारखा फटका बसतो, आणि ग्रिडलाही हा भार वाहावा लागतो. उपाय सोपा आहे: रिॲक्टिव्ह वीज जागच्या जागी पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा सीटी (करंट मोजणारी कडी) सोलर जोडणीच्या ग्रिडकडच्या बाजूला आहे का ते तपासा, किंवा महावितरणच्या संमतीने इन्व्हर्टरलाच थोडी रिॲक्टिव्ह वीज द्यायला लावा. आजचे बहुतेक मोठे इन्व्हर्टर ते करू शकतात.

पायरी ७: जनरेटर आणि बॅटरी

टॉवरमध्ये लिफ्टसाठी डिझेल जनरेटर असतो. वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला तो ग्रिडच वाटतो आणि पॅनेल वीज देऊ लागतात. भार कमी असेल तर ही वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि तो खराब होतो. दोघांमध्ये नियंत्रक हवाच. तो नसेल तर जनरेटर चालू असताना सोलर बंद राहील अशी इंटरलॉकिंग करून घ्या.

बॅटरीबद्दल माझं मत: पहिल्याच वर्षी घेऊ नका. पंप आणि गाड्यांचे भार सरकवून जे साधतं ते बॅटरीने महागात साधतं. एक-दोन वर्षांनी आलेख पाहून संध्याकाळचा उरलेला सामायिक भार मोजा. तो १५ किलोवॅट असेल आणि सात ते अकरा चालवायचा असेल तर ६० युनिट लागतील. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ७५ युनिटच्या आसपासची घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार उष्णता जास्त सहन करतो. जागा हवेशीर, पाणी न तुंबणारी आणि जिन्यापासून दूर. ठाणे-नवी मुंबईच्या बेसमेंटमध्ये जुलैत काय होतं ते सर्वांना माहीत आहे, तिथे बॅटरी नको. अग्निशमन सल्लागाराला आधीच विचारा.

पायरी ८: वीज जाते आणि परत येते तेव्हा

मोठ्या खंडानंतर वीज परतते तेव्हा ग्रिड सर्वांत नाजूक असतं. गरम झालेल्या घरांतले सगळे एसी, सगळे फ्रीज, रिकाम्या टाक्यांचे पंप एकदम सुरू होतात, आणि नेहमीपेक्षा जास्त भार पडून फिडर पुन्हा सुटतो. म्हणून वीज गेली की एसीचे स्विच बंद करायची सवय घरोघरी लावा आणि परतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते सुरू करा. पंपांच्या स्टार्टरमध्ये विलंबाचा टायमर बसवा, प्रत्येकाला वेगळा. आधी लिफ्ट आणि जिन्याचे दिवे, मग प्रक्रिया केंद्राचे ब्लोअर, पंप शेवटी. इन्व्हर्टर आपल्या ठरलेल्या वेळाने स्वतः येईल, त्याला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या नोंदी उघडा. तो किती वाजता सुटला, त्या वेळी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किती होती, परत कधी आला, हे सगळं त्यात असतं. महिन्यातून एकदा या नोंदी वहीत उतरवा. व्होल्टेज चढल्यामुळे इन्व्हर्टर वारंवार सुटत असेल तर तारीख, वेळ आणि आकड्यांसकट ती यादी महावितरणच्या शाखा कार्यालयात पोच घेऊन द्या. नुसतं 'सोलर बंद पडतो' एवढंच लिहिलेल्या तक्रारीवर कोणाला काही करता येत नाही. अशी यादी हातात असली की टॅप बदलायचा, फेज बदलायचा की रोहित्र वाढवायचं, हे अभियंत्याला ठरवता येतं.